धरमपेठेतून घेतलेले ट्रेकिंगचे बूट, केदारकंठा करून आल्यावर

डिसेंबरात उत्तराखंडातलं केदारकंठा शिखर करून आलो, साडेबारा हजार फूट, आणि यावेळी पाय एकदम ठणठणीत आहेत म्हणून हे लिहून राहिलो. मागच्या हिवाळ्यात ऑनलाइन मागवलेले बूट घालून दुसऱ्या ट्रेकला गेलो होतो, कंपनीचं नाव घेत नाही, पण उतरताना दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून गळून गेली आणि नवीन नीट यायला जवळपास वर्ष लागलं. तेव्हाच ठरवलं की पायात घालून पाहिल्याशिवाय बूट घ्यायचेच नाहीत.

नागपुरात धरमपेठेत एक जुनं छोटं दुकान आहे, तिथे सकाळी गेलो तर काकांनी सरळ परत पाठवलं. म्हणाले, "भाऊ, संध्याकाळी या, अन् वर डोंगरात जे मोजे घालणार आहात ना तेच घेऊन या." दिवसभरात पाय थोडे फुगतात, चढावर तर अजूनच, म्हणून सकाळी बरोबर वाटलेला बूट दुपारी चावतो. हे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी मोबाईलवर त्यांना परदेशातले शिकारीचे बूट दाखवले, आत थिन्सुलेटचं जाड उबदार अस्तर वगैरे. आपल्याकडे वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, पण थंडीत खडकाळ जागी हिंडायला ते मजबूत वाटतात म्हणून तसेच हवे होते. काकांनी समजावलं की एवढं अस्तर एका जागी तासन्‌तास बसून राहणाऱ्यासाठी असतं, चालणाऱ्याच्या पायाला त्यात घाम येतो, मोजे ओले होतात आणि थांबलं की तोच ओलावा पाय गार करतो. त्यांना हजारो रुपयांची ऑर्डर घेता आली असती, घेतली नाही, आणि यासाठीच मला हे दुकान आवडलं.

मग दोन्ही पाय मोजले, माझा उजवा थोडा मोठा निघाला, नंबर त्याच्यावरून धरला. लेस न बांधता पाय पुढे सरकवायचा, टाचेमागे एक बोट गेलं पाहिजे. मग टाच मागे ठोकून घट्ट बांधायचं आणि चालायचं, टाच आत उचलली गेली तर फोड येणार म्हणजे येणार. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुकानाच्या माळ्याच्या जिन्यावरून मला चार वेळा उतरायला लावलं, बोटं पुढे आपटतात का ते बघायला. पहिले दोन जोड इथेच बाद झाले, त्यातला एक मला दिसायला जाम आवडला होता. माझा पंजा रुंद आहे, शेवटी तिसरा जोड बसला, घोट्याच्या वरपर्यंत, वॉटरप्रूफ, ६,२०० रुपये.

घेतल्यावर महिनाभर सेमिनरी हिल्सला रोज पहाटे घातले आणि दोन रविवार रामटेकच्या पायऱ्या चढलो-उतरलो, पाठीवर सात किलोची बॅग घेऊन. नवे बूट थेट बर्फात नेऊ नका, कृपा करून. कॉटनचे मोजे पण नको, घाम धरून ठेवतात, लोकरीचा एकच जाड जोड पुरतो. थंडी वाजते म्हणून दोन-दोन जोड कोंबले की बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं उलट जास्तच गारठतात.

वर गेल्यावर वाटेतल्या जुडा का तालाब या तळ्यापर्यंत काहीच जाणवलं नाही, शिखराच्या दिवशी पहाटेच्या अंधारात चाललो तरी बोटं हलत होती, आणि उतार, ज्याची मला खरी भीती होती, तो एकही नख न दुखता संपला. उतरायच्या आधी घोट्याजवळची लेस दोन वेढे देऊन आवळायची ही काकांचीच युक्ती. फक्त तिसऱ्या दिवशी बुटाच्या जिभेच्या बाजूने थोडं बर्फ आत गेलं, तेव्हा गेटर्स, म्हणजे बुटावरून पोटरीपर्यंत चढवायचे कव्हर, घ्यायलाच पाहिजे होते. आणि नागपूरच्या उन्हात हे बूट घालवत नाहीत, पाय उकडतात.

माझ्या मित्राचे सात-आठ वर्षांपासून कपाटात पडलेले बूट ट्रेक सुरू होतो त्या सांकरी गावातच फाटले, सोल पूर्ण निघून आलं. पीयूचं (पॉलियुरेथेनचं) सोल नुसतं ठेवूनही हवेतल्या ओलाव्यानं आतून भुसभुशीत होते, म्हणून जुना बूट न्यायच्या आधी घरी वाकवून, चालवून नक्की बघा.

दुकानात कमी एवढीच की लेडीज नंबर फार नाहीत. बहिणीला घेऊन गेलो तर तिच्या मापाचा एकही जोड नव्हता, काकांनी दोन्ही पाय मोजून वहीत लिहून घेतले आणि फेब्रुवारीत फोन करतो म्हणाले.