बंपरचं काळं प्लास्टिक पांढरट पडलंय: ट्रिम रिस्टोरर की स्प्रे पेंट?
रिस्टोरर (फिकट प्लास्टिक पुन्हा काळं करणारं लिक्विड) सोपं, धुवायचं, वाळवायचं, स्पंजने चोळायचं, झालं. पण सिलिकॉनवालं असेल तर चार-दोन पावसात उतरतं, सिरॅमिकवालं बरंच जास्त टिकतं.

पेंट टिकतो, पण खरा खेळ तयारीचा आहे, कारण हे प्लास्टिक बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचं असतं, त्यावर रंग नीट धरतच नाही, अडहेजन प्रमोटर (रंग धरून ठेवणारा खालचा कोट) मारला नाही तर नखाने पापुद्रे निघतात. आणि आधी सिलिकॉन लावलेलं नीट निघालं नसेल तर रंगात बारीक गोल खड्डे पडतात, म्हणून पेंटच करायचा असेल तर ते लावूच नका. कोट पातळच मारा, नाहीतर दाणेदार टेक्श्चर बुजतं (मग ते फारच भंगार दिसतं). मास्किंगचा (आजूबाजूचं टेप-कागदाने झाकायचा) कंटाळा असेल तर रिस्टोररच घ्या. नुसतं फिकट झालेल्याला मी तेच लावेन, ओरखडे खोल असतील तरच पेंट.