दट्ट्यांच्या पेट्या: ताईला गप्प बसवणारं साधन

चार लांबट लाकडी ठोकळे, प्रत्येकात दहा भोकं आणि त्यांत नेमके बसणारे दहा खुंटीवाले गोल दट्टे; मुलाने ते काढून परत आपापल्या भोकात बसवायचे. माँटेसरी पद्धतीच्या शैक्षणिक साधनांतला हा संच बालवाडीसाठी घेताना पाहायचं ते एकच: मुलाची चूक पेटी स्वतः दाखवते का? नाहीतर ती ताईला दाखवावी लागते, आणि मग पेटीवर पैसे घालून काय मिळालं?

एका पेटीत उंची सारखी, जाडी ५.५ सेंमीपासून १ सेंमीपर्यंत अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरने उतरते. बारीक दट्टा मोठ्या भोकात जातो, डुगडुगतो. पण शेवटी हातात एक जाडजूड दट्टा उरतो आणि त्याला घरच नसतं. मूल थांबतं, बघतं, परत सगळे काढतं. दुसरीत जाडी-उंची दोन्ही घटतात, तिसरीत जाडी घटते तशी उंची वाढते. चौथीत जाडी एकच, फक्त उंची घटते, म्हणून कुठलाही दट्टा कुठेही जातो. चूक कळते ती डोकं वर काढलेल्या नाहीतर आत बुडालेल्या दट्ट्यावरून. फार खोल गेला तर पेटी उलटी करूनच काढावा लागतो.

साध्या, रंग न दिलेल्या लाकडाचा संच घ्यावा. रंगीत दट्टे दिसायला गोड, पण मूल रंगाला रंग जुळवतं आणि आकाराकडे बघतही नाही. खेळण्यातले छोटे संच तर नकोतच: त्यातले बारके दट्टे तोंडात जातात.

दुकानातच दोन गोष्टी तपासा. पहिल्या तीन पेट्यांतला प्रत्येक दट्टा शेजारच्या लहान भोकात घालून पाहा. गेला तर कातकाम ढिलं आहे, पेटी चूक लपवणार. मग चौथ्या पेटीत सगळे बरोबर लावून खुंट्यांच्या कडेने दट्ट्यांवरून फूटपट्टी फिरवा. कुठे अडली तर ती पेटी निकामी. खुंटी नुसत्या गोंदाने चिकटवलेली असेल तर ती निघून हातात येते, आणि पुढे पेन्सिल धरायच्या तीन बोटांचा सराव तर तिच्यावरच होतो.

स्वस्त संचांचं खरं रडगाणं पावसाळ्यात. लाकूड फुगतं, दट्टा अडकतो, मूल ताईला हाक मारतं. तेव्हा पॉलिश पेपरने घासायचा मोह होतो. घासलं की दिवाळीनंतर तोच दट्टा खुळखुळतो. त्यापेक्षा दट्ट्याला मेणबत्ती चोळा आणि पेट्या ओलीच्या भिंतीपासून लांब ठेवा.

तीस मुलांना एकच संच पुरे, वाट पाहणं हाही धडाच. बुटक्या फळीवर, मुलाच्या हाताला येईल असा ठेवा. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला एकदाच दाखवा, न बोलता: तीन बोटांनी खुंटी धरून दट्टे काढायचे, समोर मिसळायचे, एकेक बसवायचे. मग मागे सरका. ‘तिथे नाही रे बाळा’ हे वाक्य निघालं की साधनाचं काम ताईने हिसकावून घेतलं. एक पेटी सहज जमली की दोन समोरासमोर, मग तीनचा त्रिकोण, चारचा चौकोन, शेवटी डोळे बांधून. कोणी आठवड्यात तिथे पोचतं, कोणी दोन महिने एकाच पेटीशी रमतं. ओढून नेऊ नये.

आणि रोज सुट्टीआधी चाळीस दट्टे मोजा. एक हरवला की एक भोक रिकामंच राहतं आणि आपली चूक झाली आहे की दट्टाच हरवला आहे, हे मुलाला कळत नाही. सुटा दट्टा देणारा सुतार किंवा विक्रेता असेल तरच संच घ्या.