कमलाबाई गोखल्यांवरचा कार्यक्रम: पैसे वसूल, पण दुसऱ्या अर्ध्यात

भारतीय सिनेमाच्या पहिल्या नट्यांपैकी एक असलेल्या कमलाबाईंवरच्या या कार्यक्रमाला जाऊ का नको असं दोघीतिघींनी विचारलंय, तर आधीच सांगते, जा. फक्त पहिल्या तासाकडून फार अपेक्षा ठेवू नका आणि पाठीचा त्रास असेल तर एखादी उशी न्या, कारण खुर्च्या प्लॅस्टिकच्या आहेत आणि त्याही मागच्या ओळीत डुगडुगणाऱ्या. पुण्यात सदाशिव पेठेतला छोटासा हॉल, तिकीट २५० रुपये, त्यात तासभर व्याख्यान, मग रीना मोहन यांची 'कमलाबाई' ही पाऊण तासाची डॉक्युमेंटरी आणि शेवटी प्रश्नोत्तरं. चहा फुकट आणि चक्क चांगला, आलं घातलेला.

व्याख्यानाचं नाव 'मूकपट ते रंगभूमी', पण गाडी काही फाळक्यांच्या स्टेशनातून हलेचना. वक्ते अभ्यासू आहेत, वाद नाही, पण १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र', तारामती करायला बाईच मिळेना, मग ग्रँट रोडच्या हॉटेलात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके तारामती झाले, हे पुण्यात त्या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला पाठ असणार हो! मग नाशिकला केलेला 'मोहिनी भस्मासुर', त्यात दुर्गाबाई कामत पार्वती आणि त्यांची तेरा-चौदा वर्षांची लेक कमला (याच पुढच्या कमलाबाई गोखले) मोहिनी, म्हणजे आपल्या सिनेमातल्या पहिल्या नट्या मायलेकीच. इथे टाळ्या पडल्या, घड्याळात बघितलं तर पंचेचाळीस मिनिटं झालेली. रंगभूमीसाठी उरली पंधरा.

माझं भांडण इथेच आहे. पोस्टरवर मोठ्या अक्षरात 'भारतीय सिनेमाची पहिली नायिका', ठीक आहे, तिकिटं त्यावरच खपतात. पण या बाई मुळात नाटकवाल्या. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरात मुलगी, त्या काळात पोट भरायला रस्ते ते किती, त्यांनी नाटक कंपनीचा धरला आणि कंपनीबरोबर गावोगाव फिरताना मुलगी चार-पाच वर्षांची असल्यापासूनच स्टेजवर उभी राहिली. म्हणजे फाळक्यांना मिळाली ती कुठली नवखी पोर नव्हती, तयार नटी मिळाली. आणि भूमिका कुठली तर मोहिनी, जी नाचता नाचता भस्मासुराला स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावते, पडद्यावर आवाज नाही, सगळं अंगातून आणि डोळ्यांतून काढायचं. हे नाटकातली मुलगीच करू शकली असती असं मला वाटतं. सिनेमा आज बघायला मिळत नाही, त्यामुळे माझं वाटणं कोणी खोडूनही काढू शकत नाही, हा एक फायदा.

पण मायलेकींनी काम केलं म्हणून सिनेमाचं दार बायकांना सताड उघडलं, असं काही झालं नाही. चार वर्षांनी, १९१७ ला, फाळक्यांच्याच 'लंका दहन' मध्ये राम पण साळुंके आणि सीता पण साळुंके! मग त्या मुलीनं सिनेमात थांबून करायचं काय? ती परत नाटकात गेली, आणि तिथेही बालगंधर्वांचा जमाना, बाईचं काम पुरुषाने करायचं आणि लोकांनी त्याच्यावर जीव टाकायचा. अशा वेळी खऱ्या बाईने रंगमंचावर उभं राहून गाणं म्हणजे काय असेल, माइक नाही, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा, आणि समोर बसलेल्यांपैकी अर्धे नाकं मुरडायला आलेले. यावर बोला ना तासभर! हे सगळं व्याख्यानात दोन वाक्यांत उरकलं.

बरं झालं डॉक्युमेंटरी आहे. ती १९९० च्या आसपासची, कमलाबाई तेव्हा नव्वदीच्या घरात, पुण्यात राहणाऱ्या. त्यात त्या आठवणी सांगतात, जुन्या नाटकांतले तुकडे म्हणून दाखवतात, आणि कुठेही 'बिचारी म्हातारी' असा सूर लागत नाही, बाई चांगल्या खमक्या आहेत, कॅमेऱ्याला अजिबात भीत नाहीत. माझ्या शेजारी बसलेल्या आजी व्याख्यानभर पेंगत होत्या, त्या इथे ताठ बसल्या आणि तोंडातल्या तोंडात "अगं काय दम आहे बाईत" म्हणत होत्या. मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे त्यांनी पुरुषांच्या भूमिकाही केल्या, सगळीकडे पुरुष लुगडी नेसून उभे असताना! नवरा रघुनाथराव गोखले, चित्ताकर्षक नाटक कंपनीवाले, ते लवकर गेले, तीन मुलगे वाढवायचे होते, तर कमलाबाईंनी काम सोडलं नाही. पुढे बोलपटही केले, अगदी १९८० च्या 'गहराई' पर्यंत. रीना मोहन यांच्या या डॉक्युमेंटरीला नॅशनल अवॉर्ड मिळालंय, ते बरोबरच मिळालंय.

प्रोजेक्शनबद्दल मात्र बोलायलाच पाहिजे. जुनी फिल्म आहे, प्रिंट थोडी मळकी असणार हे मान्य, पण स्पीकर स्क्रीनच्या एकाच बाजूला ठेवलेला, डावीकडे बसलेल्यांना नीट ऐकू येईना, आणि बाई बोलत असताना मागे चहाचे कप गोळा करायची खडखड. कप गोळा करणारा माणूस दहा मिनिटं थांबला असता तर काय बिघडलं असतं?

प्रश्नोत्तरांत लोक लगेच नातवावर घसरले. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव, विक्रम गोखले नातू, हे ऐकून सगळे खूश, मग अर्धा वेळ विक्रम गोखल्यांच्या सिनेमांवर. लालजी आणि सूर्यकांत हे दोघे तबलजी मुलगे, त्यांच्याबद्दल एकानेही विचारलं नाही, मी हात वर केला तेव्हा वेळ संपली होती.

माझे पाचपैकी साडेतीन, त्यातले तीन फिल्मचे. नाटकवेड्यांनी नक्की जा, नातवंडांना न्यायचं असेल तर मध्यंतरानंतर या, आयोजक उशिरा आलेल्यांना सोडतात. परत लावणार आहेत म्हणे. तिकीट ऑनलाइनच काढा, दारावर मिळतं पण ५०० ची नोट दिली की सुटे नाहीत म्हणून बाजूला उभं करतात. आणि बसायचं ते उजवीकडे.