एरॉन की लीप: तुम्ही खुर्चीत मांडी घालता का?

एरॉन आणि लीप या ऑफिसच्या खुर्च्यांपैकी कुठलीही नवी घ्यायची तर गोष्ट लाखाच्या घरात जाते, त्यामुळे ‘कुठलीही घ्या, दोन्ही चांगल्याच’ हे उत्तर पुरत नाही. माझी आधीची साधी खुर्ची दुसऱ्या वर्षीच हळूहळू खाली बसायला लागली होती. मीटिंग संपेपर्यंत कॅमेऱ्यात माझं फक्त कपाळ उरायचं. त्यानंतर या दोघींवर तासन्‌तास बसून पाहिलं.

हर्मन मिलर कंपनीची एरॉन १९९४ सालची. बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक या डिझायनरांनी गादी काढूनच टाकली आणि चौकटीवर जाळी ताणून बसवली. २०१६ च्या सुधारित एरॉनमध्ये त्या जाळीचा ताण आठ भागांत कमी-जास्त ठेवलाय. एसी नसलेल्या खोलीत मे महिन्यात याचं मोल कळतं. दुपारी उठताना शर्ट पाठीला चिकटलेला नसतो. स्टीलकेस कंपनीची लीप १९९९ ची, फोमची गादी आणि वर कापड. उकडतं, हे मान्यच करायला हवं.

पण आपल्याकडचा खरा प्रश्न मांडीचा आहे. एरॉनच्या जाळीला चारी बाजूंनी कडक चौकट आहे. पाय खाली सोडून बसलात तर ती जाणवतही नाही. एक पाय वर घेतला की मात्र घोटा नेमका त्या कडेवर येतो आणि पाच मिनिटांत पाय खाली. शिस्त लावणारी खुर्ची म्हणा हवं तर. मला शाळेतल्या बाकाची आठवण झाली. लीपची पुढची कड लवचिक आहे, मांडीखाली दबते. नीट मांडी घालायला तीही ऐसपैस नाही, पण एक पाय दुमडून बसणं ती खपवून घेते.

मागे रेलण्यातही फरक आहे. लीपमध्ये पाठ मागे गेली की बैठक थोडी पुढे सरकते, म्हणून कीबोर्ड हातापासून लांब जात नाही. तिची पाठही वाकते, आणि कमरेजवळचा कडकपणा वेगळ्या नॉबने ठरवता येतो. एरॉनचं रेलणं जास्त सुखाचं, झोपाळ्यासारखं. कंबरेला दोन पॅडचा आधारही मिळतो (हा घेताना वेगळा निवडावा लागतो). पण रेलून टाइप करणाऱ्याला लीपच बरी.

बसणाऱ्याच्या उंचीचं बघा. लीपची बैठक पुढे-मागे करता येते, त्यामुळे घरात दोघं आळीपाळीने बसणार असतील तर विषय संपला. एरॉनची बैठक तशी सरकत नाही. तिची लहान ते मोठी ए, बी, सी अशी तीन मापं असतात आणि माप चुकलं तर कुठलाच नॉब उपयोगाचा नाही. मागे टेकून बसा: गुडघ्याची मागची बाजू आणि बैठकीची कड यांत दोन-तीन बोटं जायला हवीत.

दोघींनाही कंपनीची बारा वर्षांची वॉरंटी आहे, पण ऑफिसातून निघालेला जुना माल घेताना तिच्यावर विसंबू नका. जुन्या एरॉनच्या पाठीच्या वरच्या कडेला मागून हात फिरवा, बारीक उंचवटे लागतील: एक म्हणजे ए, दोन म्हणजे बी, तीन म्हणजे सी. विकणारा ‘सगळ्यांना बसते’ म्हणाला तरी उंचवटे मोजाच. लीपच्या गादीवर मूठ दाबा. खालची पाटी हाताला लागली तर पुढची खुर्ची बघा.

मी लीप घेतली. मे महिन्यात टेबल फॅन लावतो.