एक्सपॅसी ट्रान्सलेट आणि नीडल: म्युटेशन ओळखायला कितपत कामाचे?

विदर्भात म्युटेशन, म्हणजे डीएनएतला बदल, शिकवायला सिकलसेल या रक्ताच्या आजारापेक्षा जवळचं उदाहरण नाही. नागपुरात बायोटेक शिकणाऱ्यांना त्यासाठी दोन फुकट साइट पुरतात: स्विस इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्सच्या एक्सपॅसीवरचं ट्रान्सलेट आणि युरोपियन बायोइन्फर्मेटिक्स इन्स्टिट्यूट म्हणजे ईबीआयवरचं नीडल. पहिलं डीएनएचं प्रोटीन करून देतं, दुसरं दोन सीक्वेन्स, म्हणजे अक्षरांच्या ओळी, शेजारी लावतं. म्युटेशनचं नाव मात्र दोन्ही सांगत नाहीत, ते आपणच ठरवायचं.

ट्रान्सलेट सहा रीडिंग फ्रेम (तीन-तीन अक्षरांचे गट पाडून वाचायच्या पद्धती) दाखवतं, तीन सुलट आणि तीन उलट. आउटपुटमध्ये न्यूक्लिओटाइडसह दाखवणारा पर्याय घ्यावा, म्हणजे कोडॉन (तीन अक्षरांचा गट) आणि त्याचं अमिनो आम्ल एकत्र दिसतात. कॉम्पॅक्टमध्ये स्टॉप, म्हणजे प्रोटीन थांबवणारा कोडॉन, नुसती आडवी रेघ असते, ती हमखास नजरेतून सुटते.

हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिनचा सीडीएस (जीनमधला प्रोटीन ठरवणारा भाग) टाकून बघा. सुरुवात एटीजी जीटीजी सीएटी सीटीजी एसीटी सीसीटी जीएजी. त्या जीएजीचं जीटीजी केलं की ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन, म्हणजे सिकलसेलचं मिसेन्स (अमिनो आम्ल बदलणारं). जीएए केलं तर सायलेंट (अमिनो आम्ल तेच), टीएजी केलं तर नॉनसेन्स (मधेच स्टॉप). इथे एक घोळ ठरलेला: जुन्या नोट्समध्ये ही जागा सहावी, साइटवर सातवी. साइट पहिलं मेथिओनिन मोजते, जुनी पद्धत मोजत नाही. उत्तर दोन्हीचं एकच.

खरी कसोटी फ्रेमशिफ्टची, म्हणजे अक्षर वाढून किंवा जाऊन पुढचे सगळे गट सरकतात त्याची. भारतात बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारात नेहमी दिसणारं आठ-नऊ कोडॉनमधलं म्युटेशन घ्या: एएजी टीसीटीच्या मधे एक जास्तीचा जी. जुन्या मोजणीने नवव्या कोडॉनपासून जवळजवळ सगळी अमिनो आम्लं बदलतात आणि बाविसाव्याला टीजीए येऊन प्रोटीन तुटतं. पण बर्डीवरच्या झेरॉक्स नोट्ससारखा पन्नास-साठ अक्षरांचाच तुकडा टाकला, तर तो स्टॉप दिसतच नाही. किमान शंभर अक्षरं टाका.

आता मूळ आणि बदललेलं ही दोन प्रोटीनं नीडलमध्ये लावली, तर शेपटीत ठिपके आणि गॅपांचा (रिकाम्या जागांचा) गोंधळ दिसतो आणि पोरं दहा-बारा मिसेन्स मोजून मोकळी होतात. म्हणून आधी डीएनए लावा, गॅप ओपन १० आणि एक्स्टेंड ०.५ (गॅप सुरू करायचा आणि वाढवायचा दंड) हे मुळातलेच आकडे ठेवून. तिथे फक्त एक गॅप दिसतो आणि प्रश्न मिटतो. तो गॅप शेजारी-शेजारी असलेल्या दोन जींपैकी कुठल्याही जीसमोर पडू शकतो. नामकरणाच्या नियमाने उजवीकडचा, म्हणजे सीडीएसमधलं २७ वं अक्षर दुप्पट झालं असं लिहायचं.

गॅप तीनच्या पटीत असेल तर फ्रेम शाबूत राहते. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात एटीसी टीटीटीमधली सीटीटी ही तीन अक्षरं जातात, दोन कोडॉनांना कात्री लागते, तरी प्रोटीनमधून फक्त ५०८ वं फिनाइलअॅलॅनिन जातं. कारण उरलेलं एटीटीसुद्धा आयसोल्युसिनच.

उणिवा. ट्रान्सलेटला इन्ट्रॉन, म्हणजे जीनमधले प्रोटीनमध्ये न येणारे मधले तुकडे, कळत नाहीत. इन्ट्रॉनांसह अख्खा जीनोमिक सीक्वेन्स टाकला की पहिल्या एक्सॉननंतर (एक्सॉन म्हणजे इन्ट्रॉन काढल्यावर उरणारा तुकडा) सगळा कचरा, तरी साइट हूं की चूं करत नाही. ४४४ अक्षरांचा सीडीएसच टाका. पण सीडीएसमध्ये इन्ट्रॉन नसतात, त्यामुळे पहिल्या इन्ट्रॉनच्या पाचव्या अक्षरातला जी जाऊन सी येणारा, भारतात सर्वाधिक आढळणारा थॅलेसेमियाचा बदल इथे दिसणारच नाही. जरीपटक्यासारख्या सिंधी वस्तीच्या शहरात माहीत असायला हवं असं थॅलेसेमियाचं ६१९ अक्षरांचं डिलीशनही (अक्षरं गळून जाणं) सीडीएसवर पूर्ण दिसत नाही. त्याचा काही भाग इन्ट्रॉनमध्ये आहे.

शिकायला पाचपैकी चार. पेशंटचा रिपोर्ट वाचायला हे वापरू नका.