ईएससीचा दिवा: सर्व्हिस सेंटर, मेस्ताचा स्कॅनर की स्वतःचा?

डॅशबोर्डवरचे घसरत्या गाडीचे पिवळे चिन्ह लुकलुकत असेल, तर ईएससी, म्हणजे घसरणारी गाडी ताब्यात ठेवणारी यंत्रणा, आपले काम करत असते. ते लागून तसेच राहिले आणि ईएससी बंद करण्याचे बटण आपण दाबलेले नसले, तर मात्र दोष शोधावा लागतो. त्यासाठी गोव्यात आपल्यापुढे तीन वाटा असतात. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी न्यावी, अनेक कंपन्यांच्या गाड्या वाचणारा स्कॅनर बाळगणाऱ्या मेस्ताकडे, म्हणजे गॅरेजवाल्या कारागिराकडे न्यावी, किंवा एबीएस (ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईएससीचे दोष-कोड वाचू शकणारा हातातला स्कॅनर स्वतः विकत घ्यावा. या तिन्ही वाटांनी मी एकाच गाडीसाठी आणि एकाच दोषासाठी गेलो आहे. एका गाडीच्या अनुभवावरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही, हे मला मान्य आहे. पण निवड करताना कोणत्या गोष्टीकडे पाहावे, हे या अनुभवाने मला नक्की शिकवले.

गाडीच्या तपासणी-सॉकेटमध्ये खोचायच्या, ब्लूटूथवर चालणाऱ्या ईएलएम ३२७ जातीच्या स्वस्त डोंगलचा मी या तुलनेत समावेश केलेला नाही, कारण या कामासाठी तो सहसा उपयोगी पडत नाही. माझ्याकडे तो आधीपासून होता. दिवा डोळ्यांसमोर जळत असताना मोबाइलच्या पडद्यावर ‘एकही दोष नाही’ असे उत्तर आले, आणि मी एक आठवडा निर्धास्त राहिलो. सॉकेट तोच असला, तरी या डोंगलसोबतची सर्वसाधारण अ‍ॅप्स प्रदूषण नियमांनी सक्तीची केलेली इंजिनाची माहिती तेवढी वाचतात, म्हणजे ‘पी’ अक्षराने सुरू होणारे कोड. एबीएस आणि ईएससीचे ‘सी’ अक्षराचे कोड वाचण्यासाठी त्या त्या कंपनीच्या पद्धतीने वेगळा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो प्रश्न या अ‍ॅप्सना बहुधा विचारता येत नाही. इंजिनात दोष असल्यामुळे ईएससीचाही दिवा लागल्याचे काही गाड्यांत दिसते, तेव्हा मात्र हा डोंगल कामाला येतो.

कोणतीही वाट धरण्यापूर्वी घरच्या घरी तीन गोष्टी पाहाव्यात. ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे प्रत्येक वेळी लागतात का, हे कोणाला तरी मागे उभे करून पाहावे, कारण पेडलजवळचा ब्रेक लाइटचा स्विच बिघडला की ईएससीला ब्रेक दाबल्याची खबर नीट मिळत नाही, आणि हा स्विच स्वस्तात बदलून मिळतो. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले आहेत का, हे पाहावे. नुकतेच व्हील अलाइनमेंट झाले असेल किंवा बॅटरी काढली असेल, तर स्टिअरिंगचा कोन मोजणाऱ्या सेन्सरचा शून्य बिंदू हरवलेला असू शकतो, हे लक्षात ठेवावे. ब्रेकचा लाल दिवाही सोबत लागला असेल, तर पुढचे काहीही न वाचता गाडी उभी करावी आणि टो करून न्यावी.

माझ्या गाडीत यातले काहीही नव्हते. साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढून आम्ही बेळगावला नेहमी जातो. त्या वर्षी जूनचा पाऊस लागल्यानंतर अर्धा-पाऊण तास ओल्या रस्त्यावर गाडी चालली, की घाटाच्या वळणांवर एबीएस आणि ईएससी असे दोन्ही दिवे एकदम लागत. ईएससी ही एबीएसच्याच चार चाकांच्या सेन्सरांवर उभी असल्यामुळे दोन्ही दिवे एकत्र लागणे हे चाकाकडील दोषाचे लक्षण असते, एवढे मला ठाऊक होते. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली आणि थोडी चालवली, की दोन्ही दिवे जात.

सर्व्हिस सेंटरविषयी मी आदराने लिहितो, कारण त्यांच्याकडे असते ते इतरांकडे नसते. त्या कंपनीची स्वतःची प्रणाली, प्रत्येक कोडमागची तपासणीची क्रमवार पद्धत, वायरिंगचे पूर्ण नकाशे आणि काम झाल्यावर सेन्सर कॅलिब्रेट करण्याची सोय, हे सगळे तिथे असते. गाडी वॉरंटीत असेल, तर दुसरा विचार करण्याचेही कारण नाही. माझ्या गाडीची वॉरंटी संपली होती, तरी मी पहिल्यांदा तिथेच गेलो. त्यांनी स्कॅन केले, मागच्या डाव्या चाकाच्या वेग-सेन्सरचा दोष असल्याचे तोंडी सांगितले, कोड पुसला आणि म्हणाले, “सर, दिवा गेला आहे. परत लागला तर घेऊन या.” जॉब कार्डावर ‘स्कॅनिंग केले, दिवा बंद’ एवढेच लिहिलेले होते.

तीन आठवड्यांनी दिवा परत लागला. या वेळी दुसरे अ‍ॅडव्हायझर होते, आणि मागच्या वेळी नेमका कोणता कोड आला होता, हे त्यांनी मलाच विचारले. मला तो सांगता आला नाही आणि त्यांच्या नोंदीत तो नव्हता. पुन्हा स्कॅन झाले, सेन्सर बदलला गेला, कोड पुसला गेला. सेन्सरचे पैसे मी दिले आणि मला त्याचे काही वाटले नाही, कारण दोष संपला अशी माझी समजूत होती. पुढे दहा-बारा दिवस उघडीप होती, त्यामुळे दिवाही लागला नाही. चवथीच्या आठवडाभर आधी पुन्हा पाऊस झोडपू लागला आणि घाटात दिवे पुन्हा लागले. तिसऱ्या भेटीत बेअरिंगसकट हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो भाग, बदलून पाहू, आणि तरीही फरक पडला नाही तर एबीएसचे मॉड्यूल (तिचा नियंत्रक संगणक) पाहावे लागेल, असे मला सांगण्यात आले. कोड तेव्हाही आधी पुसला गेला होता.

माझा निर्णय ज्या एका गोष्टीने झाला, ती ही कोड पुसण्याची सवय. खर्च, वेळ किंवा अंतर यांचा मला इतका त्रास झाला नाही. कोड हा दोषाचा पुरावा असतो. अनेक गाड्यांच्या एबीएस मॉड्यूलमध्ये कोडासोबत त्या क्षणीचा वेग, बॅटरीचे व्होल्टेज आणि दोष किती वेळा आला याची संख्याही साठवलेली असते, आणि पुसण्याची आज्ञा दिली की ते सगळे एका क्षणात जाते. शिवाय कोड हा सुटा भाग कधीच सांगत नाही, तो फक्त मार्ग सांगतो. सर्वसाधारण यादीत सी ००४५ म्हणजे मागच्या डाव्या चाकाच्या वेग-सेन्सरचे सर्किट, आणि त्या सर्किटात सेन्सर, त्याची वायर, कनेक्टर, पुढचा हार्नेस (वायरींचा जुडगा) आणि मॉड्यूलची पिन असे सगळे येते. कोड वाचून थेट सेन्सर बदलणे म्हणजे या साखळीतली पहिली कडी बदलून बाकीच्या कड्यांची तपासणी सोडून देणे होय. दोष सतत असेल, तर असे केले तरी पुढच्या तपासणीत तो पुन्हा सापडतो. दोष पावसात, चढावर आणि अर्ध्या तासानेच येत असेल, तर वर्कशॉपच्या आवारातल्या कोरड्या, सपाट फेरीत तो दिसतच नाही. पुसलेला कोड मग कायमचा हरवतो, आणि आपण प्रत्येक भेटीत पहिल्या पायरीवर परत येतो.

मेस्ताकडचा अनुभव याहून बराच चांगला होता. आमच्या भागातले हे मेस्त पूर्वी खाणीच्या ट्रकांचे वायरिंग करत आणि आता त्यांच्याकडे बहुतेक कंपन्यांच्या गाड्या वाचणारा टॅबसारखा स्कॅनर आहे. त्यांनी कोड एका वहीत लिहून घेतला, मला त्याचा फोटो काढू दिला आणि मगच पुसला. त्यांनी चाक उचलून हाताने फिरवले, बेअरिंगला ढिलाई नसल्याचे दाखवले आणि बेअरिंग बदलण्याची घाई न करण्याचा सल्ला दिला. अलीकडच्या अनेक बेअरिंगांमध्ये सेन्सर ज्या चुंबकीय कड्यावरून वेग वाचतो, ते कडे एकाच बाजूला असते. बेअरिंग उलटे बसले तर सेन्सर काहीच वाचत नाही आणि जुन्या दोषावर नवा दोष चढतो, असे त्यांनी समजावले. हे सर्व त्यांनी माफक पैशात केले. पण त्यांचीही अडचण तीच होती. दोष त्यांच्या अंगणात येत नव्हता, आणि दिवसभराचे काम टाकून त्यांनी माझ्यासोबत पावसात चोर्ला चढावा, अशी अपेक्षा करणे योग्य नव्हते.

म्हणून मी स्कॅनर घेतला. मला तो दहा हजारांच्या थोडा वर पडला, आणि एका दिव्यासाठी एवढा खर्च अनेकांना पटणार नाही, याची मला जाणीव आहे. त्यात माझ्या गाडीच्या एबीएस विभागातला लाइव्ह डेटा दिसतो, आणि मला तेवढेच हवे होते. पुढच्या पावसात मित्राला शेजारी बसवून त्याच्या हातात स्कॅनर दिला आणि आम्ही केरीहून घाट चढायला लागलो. चालवणाऱ्याने पडद्याकडे पाहू नये, हे इथे आवर्जून सांगतो. चारही चाकांचे वेग पडद्यावर चार रेघांनी चालले होते. तीन रेघा तीसच्या आसपास शांत होत्या. मागच्या डाव्या चाकाची रेघ खड्ड्यात चाक आपटले की क्षणभर शून्यावर पडे आणि लगेच वर येई. असे चार-पाच वेळा झाल्यावर दिवे लागले.

एवढ्यावरून बरेच कळले. चुंबकीय कडे फुटलेले असते, तर रेघ प्रत्येक फेऱ्याला, ठरावीक अंतराने तुटली असती. सेन्सर पूर्ण गेलेला असता, तर रेघ परत वर आलीच नसती, आणि सेन्सर तर नवाच होता. धक्क्याबरोबर तुटणारी आणि कोरड्या रस्त्यावर न तुटणारी रेघ वायर किंवा कनेक्टरकडे बोट दाखवते. मी त्या रेघांचा फोटो मेस्तांना दाखवला. त्यांनी चाकाच्या वरचे प्लास्टिकचे अस्तर काढले, कनेक्टर उघडला, आणि गाडीच्या हार्नेसकडील बाजूची एक पिन हिरवी पडून सैल झालेली सापडली. आत तांबडी माती सुकून बसली होती. नवा सेन्सर या कनेक्टरपर्यंतच येत असल्यामुळे तो बदलून काहीही उपयोग झाला नव्हता. मेस्तांनी पिन बदलली, रबरी सील नवे घातले, कनेक्टरसाठीचे ग्रीस लावले आणि वायर चिखल उडणार नाही अशी बांधून दिली. त्यानंतर दोन पावसाळे झाले, दिवा लागलेला नाही. हबही जुनाच आहे आणि एबीएसचे मॉड्यूलही.

हा दोष वायरीचा निघाला म्हणून माझे पारडे झुकले, हा आक्षेप रास्त आहे. दिवा सतत जळत असता किंवा गाडीचे गिरक्या घेणे मोजणाऱ्या यॉ सेन्सरचा, हायड्रॉलिक युनिटचा किंवा मॉड्यूलच्या कोडिंगचा प्रश्न असता, तर माझा स्कॅनर कोड दाखवून थांबला असता आणि मी निमूटपणे सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो असतो. कॅलिब्रेशनची आणि ब्रेकमधील हवा काढण्याची कामे माझ्या स्कॅनरच्या यादीत दिसतात, पण ब्रेकशी खेळ नको म्हणून मी त्यांना हात लावत नाही. वर्षाला फार तर पाच-सहा हजार किलोमीटर शहरातच गाडी चालवणाऱ्याने स्कॅनर न घेता चांगला मेस्त शोधावा, असेही मला प्रामाणिकपणे वाटते. पण खाण पट्ट्यातून किंवा घाटातून नेहमी जाणाऱ्याची गाडी पावसाळाभर चिखल खाते, तिचे दोष येतात-जातात, आणि अशा दोषाच्या वेळी गाडीत हजर असणारा माणूस फक्त आपणच असतो. तिथे स्वतःचा साधा स्कॅनर वर्कशॉपमधल्या भारी स्कॅनरपेक्षा मला अधिक उपयोगी वाटला.

घेताना मात्र विक्रेत्याच्या ‘सर्व गाड्यांना चालतो’ या शब्दावर विसंबू नये. आपल्या गाडीला जोडून एबीएस विभाग उघडतो का आणि चारही चाकांचे वेग वेगवेगळे दिसतात का, हे दुकानासमोरच पाहून मग पैसे द्यावेत. २०१९च्या एप्रिलपासून आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे, आणि ऑक्टोबर २०२३पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या मोटारींच्या सुरक्षा-चाचणीत तीन किंवा अधिक तारे मिळवायचे तर ईएससीही लागते. त्यामुळे हा स्कॅनर घरात एकाच गाडीपुरता राहत नाही.

फोंड्याच्या माझ्या मावसभावाने नुकतीच जुनी गाडी घेतली आणि तिचा हाच दिवा अधूनमधून लागतो. त्याला आधी ब्रेक लाइटचा स्विच पाहायला सांगितले आहे, आणि तोवर कोणालाही कोड पुसू देऊ नकोस असे बजावले आहे. येत्या रविवारी पाऊस असेल, तर तो गाडी घेऊन साखळीला येणार आहे; स्कॅनर जोडून आम्ही केरीच्या रस्त्याला लागू.