मुंबईच्या लाँच: आधी तिथी, मग वेळापत्रक

गेटवेला पोचलं की 'अर्धा तास समुद्रात फिरवून आणतो' म्हणणारे गाठतातच. ती फेरी घेऊ नका. धक्क्यापासून थोडं लांब जाऊन लाँच वळते आणि ताजच्या फोटोपलीकडे हाती फारसं काही लागत नाही. लोक ज्या लाँचने कामाला, बाजाराला, गावाला जातात तिच्यात बसा. भाडं त्या मानाने कमी, अंतर जास्त, आणि हे बंदर चालतं कसं ते दिसतं.

त्यात पहिला नंबर भाऊचा धक्का ते मोरा या फेरीचा. पर्यटक तिच्याकडे फिरकत नाहीत, कारण पलीकडे उरण आहे आणि उरणला कोणी 'बघायला' जात नाही. पण लाँच जाते ती बंदराच्या मधोमध. हार्बर लाइनच्या डॉकयार्ड रोडला पूर्वेकडे उतरायचं, तिथून चालत पंधरा-वीस मिनिटं, नाहीतर टॅक्सी. सकाळी लवकर गेलात तर आधी मासळीचा लिलाव लागतो: निथळत्या टोपल्या, बर्फाचा चुरा, पायाखाली खारट चिखल. कापडी बूट घालून येऊ नका. (हा धक्का भाऊ अजिंक्यांचा. घारापुरीचा, म्हणजे एलिफंटाचा, दगडी हत्ती ज्या भायखळ्याच्या संग्रहालयाच्या आवारात उभा आहे, ते भाऊ दाजी लाडांच्या नावाचं. दोन भाऊंची गल्लत सर्रास होते.)

लाँच सुटली की डावीकडची बाजू धरा. पाऊण ते एक तासाच्या या वाटेत आधी जवाहर द्वीप येतं, म्हणजे जुनं बुचर आयलंड. तिथे तेलाचे टँकर धक्क्याला लागून नळ्यांतून रिकामे होत असतात. मग घारापुरीचा डोंगर, त्याच्या पलीकडे न्हावा-शेवाच्या क्रेन, हवा स्वच्छ असेल तर अटल सेतूची लांबलचक रेघ. समोर द्रोणागिरीचा डोंगर मोठा होत जातो. एलिफंटाच्या लाँचमधून जे दिसतं त्यातलं बरंचसं इथे दिसतं, आणि शेजारच्या बाकावर कामावरून परतणारा उरणकर पेंगत असतो.

आता दुखणं. मोरा बंदरात गाळ साचतो. ओहोटी पूर्ण लागली की लाँचला धक्क्यापर्यंत यायला पाणी उरत नाही आणि तेवढ्या वेळातल्या फेऱ्या रद्द होतात. खिडकीवरचं वेळापत्रक पाहून निघालेला माणूस इथेच फसतो. वेळापत्रक घड्याळाचं, गाळ चंद्राचा.

त्यावर कोकणातला जुना हिशोब अजून चालतो: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती, साधारण सहा तासांनी, म्हणजे नऊला ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. थोडंफार पुढे-मागे होतं, पण लाँच पकडायला एवढं पुरतं. प्रत्येक पक्षात तिथी एकपासून मोजायची.

वेळेइतकंच महत्त्वाचं म्हणजे पाणी किती उतरणार. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं: भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. म्हणून अमावस्येच्या आगेमागे दोन दिवस मोऱ्याची सकाळी लवकरची आणि संध्याकाळची पाच-सहाची लाँच बेभरवशाची, कारण खोल ओहोटी नेमकी तेव्हाच. त्या दिवसांत दहा ते तीनमध्ये जाऊन या. भांगाच्या दिवशी भर ओहोटीतही निभण्याची शक्यता जास्त.

याहून सोपा उपाय म्हणजे जाताना लाँच, येताना लोकल. जानेवारी 2024 पासून उरणपर्यंत रेल्वे सुरू आहे. मोऱ्याहून रिक्षाने उरण, तिथून लोकलने नेरूळ किंवा बेलापूर. गाड्या विरळ आहेत, म्हणून सुटण्याची वेळ आधी बघून ठेवा. पण गाळात अडकण्याची चिंता मिटते. त्याच महिन्यात अटल सेतूही खुला झाला, त्यामुळे लाँचची गर्दी पूर्वीइतकी राहिलेली नाही. बसायला जागा मिळते, एवढा आपला फायदा.

गेटवेची तऱ्हा वेगळी. इथे अडचण पाण्याची कमी आणि चढण्या-उतरण्याची जास्त. ओहोटीला लाँच धक्क्याच्या बरीच खाली असते आणि खालच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ असतं. लाँच दोराने बांधलेली असली तरी लाटेबरोबर वर-खाली होते, टायर धक्क्याला घासून कुरकुरतात. पाय टाकायचा तो लाँच वर येत असताना. खाली जाताना टाकलात तर तोल गेलाच. खलाशी हात देतो तेव्हा बोटं नको, मनगट धरू द्या. हातात पिशवी ठेवू नका, ती आधी त्याच्याकडे द्या. कधी दोन लाँच शेजारी लागलेल्या असतात आणि पहिलीतून दुसरीत जावं लागतं. तिथे वयस्क माणसांना पुढे सोडा आणि मागून कोणी ढकलत असेल तर सरळ दटावा.

डिसेंबर 2024 मध्ये एलिफंटाच्या वाटेवर नौदलाची स्पीडबोट आदळून प्रवासी बोट बुडाली, तेव्हापासून लाइफ जॅकेटचा आग्रह वाढला. जॅकेट नुसतं गळ्यात अडकवून काही होत नाही. पट्टे आहेत का, बकल लागतं का ते निघण्याआधी बघा, नसेल तर बदलून मागा. मुलांसाठी लहान मापाचं मुद्दाम मागावं लागतं.

एलिफंटाची लाँच सकाळी नऊच्या सुमारास सुरू होते आणि तासाभरात पोचवते. जाऊन-येऊन तिकीट अडीचशेच्या आसपास, वरच्या डेकचे दहा-वीस रुपये लाँचवर वेगळे मागतात. जाताना ते द्यावेत: डावीकडे नौदलाची गोदी, नंतर जवाहर द्वीप जवळून दिसतं. युद्धनौकांचे फोटो काढायला बंदी आहे, ती पाळा. सोमवारी लेणी बंद असतात आणि नेमके सोमवारीच हिरमुसून परतणारे कमी नाहीत. पलीकडे धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी आहे, पण ते अंतर चालत पंधरा मिनिटांचं. पाय शाबूत असतील तर गाडीसाठी रांग लावू नका. मग शंभरावर पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि माकडं. हातात मक्याचं कणीस किंवा बिस्किटाचा पुडा दिसला की तो त्यांचा. पहिल्या लेण्यातली त्रिमूर्ती सुमारे 20 फूट उंच आहे. ती बघायची असेल तर पहिल्या दोन लाँचपैकी एक पकडा, अकरानंतर गटागटाने लोक येऊन सभामंडप घुमायला लागतो. वर डोंगरमाथ्यावर तोफा आहेत. तिथवर फार थोडे चढतात आणि सगळं बंदर तिथूनच नीट दिसतं. परतीची शेवटची लाँच साडेपाचच्या सुमारास असते, ती गाठायचा बेत करू नका, तिला झुंबड उडते.

गेटवेहूनच सुटणाऱ्या मांडव्याच्या लाँचला गुण जास्त द्यावेत. पीएनपी, मालदार, अजंता अशा कंपन्या चालवतात आणि तिकिटात मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते. साधी लाँच तासभर घेते, कॅटामरान पाऊण तास. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ज्या कंपनीचं तिकीट, तिचीच लाँच आणि तिचीच बस, दुसरीत घेत नाहीत. आणि जाता-येता दोन्ही वेळा उजवीकडे बसा. सकाळी जाताना ऊन डावीकडे असतं आणि उजवीकडे कुलाब्याचं टोक, प्रॉन्ग्जचं दीपगृह, नांगरलेली जहाजं दिसतात. दुपारी येताना वारा आणि ऊन दोन्ही डावीकडून. डाव्या बाजूचा माणूस गेटवेला उतरतो तो खाऱ्या पाण्याने भिजून. ज्यांना बोट लागते त्यांनी परत यायला दुपार टाळावी. सकाळी समुद्र लोण्यासारखा असतो, दुपारनंतर वारा उठतो.

अलिबागला कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असेल तर तोच तिथीचा हिशोब उपयोगी पडतो. तृतीया ते पंचमी, ओहोटी सव्वाआठ ते पावणेदहा, म्हणजे सोईची वेळ आणि पाणीही बऱ्यापैकी उतरलेलं. अष्टमीला ओहोटी भर दुपारी, शिवाय भांग असल्याने वाटेत पाणी उरू शकतं. पाणी फिरल्यावर वेळ फार मिळत नाही, म्हणून ओहोटीच्या थोडं आधी आत शिरा.

गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्याशेजारून मांडव्याला रो-रो आहे, 2020 पासून. मोठं जहाज, वातानुकूलित, डोलतं कमी, वेळा पाळतं. गाडीची जागा आधी आरक्षित करा आणि अर्धा-पाऊण तास आधी पोचा. सगळ्यांत भरवशाची सेवा हीच. पण काचेआडून समुद्र बघण्यात गंमत नाही, निदान वरच्या उघड्या डेकवर तरी जा.

मेअखेर ते ऑगस्टअखेर गेटवे-मांडवा बंद, कारण तो मार्ग खुल्या समुद्राच्या तोंडावर आहे. मोरा बंदराच्या आत असल्याने पावसातही चालू राहते, भाडं मात्र चढतं. वादळी हवेचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा लागला की तीही थांबते.

पश्चिमेच्या खाड्यांमध्ये वर्सोवा ते मढ एवढीच फेरी मुद्दाम करण्यासारखी. चहाच्या पैशांत पाच मिनिटं, स्कूटरसुद्धा चढवतात, आणि रस्त्याने हेच अंतर मालाडवरून वळसा घालून वीस किलोमीटरच्या वर जातं. मढचा किल्ला हवाई दलाकडे आहे, आत सोडत नाहीत. वर्सोवा कोळीवाड्याच्या गल्ल्यांतून धक्क्यावर या, सुकत घातलेल्या बोंबलांच्या मांडवांखालून. सुट्टे पैसे जवळ ठेवा, पाचशेची नोट पाहून तिकीटवाला मान फिरवतो.